सहृदय आणि साक्षीदार : समाजमाध्यमी चळवळीच्या नैतिकतेविषयी

समाजमाध्यमांवरील चळवळींमुळे समाजात खरोखर काही बदल होतो काय, हा प्रश्न गेल्या दीड दशकात इतक्यांदा विचारला गेला आहे, की त्याची होकारार्थी आणि नकारार्थी अशी दोन्ही उत्तरे आता तयार मिळतात. २०११ साली कैरोच्या तहरीर चौकात जे घडले त्याचा दाखला पहिल्या उत्तरासाठी दिला जातो. त्यानंतरच्या वर्षांत इजिप्तमध्ये जे घडले त्याचा दुसऱ्यासाठी. माल्कम ग्लॅडवेल यांनी २०१० मध्येच असे मांडले होते, की जोखमीची कृती माणसे घट्ट नात्यांच्या बळावर करतात. १९६० साली अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहात जाऊन बसलेले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एकमेकांचे मित्र होते. पडद्यावरची नाती मात्र सैल असतात. झेनेप तुफेक्ची यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक पदर उलगडून दाखविला : जमाव आता त्वरेने जमतो, परंतु तो जमविण्याच्या सायासातून जी संघटनाशक्ती पूर्वी घडत असे, ती घडावयाची राहून जाते. दोन्ही निरीक्षणे मोलाची आहेत. तथापि दोहोंच्या मुळाशी एक गृहीत आहे. व्यक्ती आपल्या खोलीत एकटी बसलेली आहे आणि पडदा तिला अनोळखी माणसांशी जोडतो आहे, हे ते गृहीत होय. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी ते टिकत नाही.

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की सुमारे ३५ किलोमीटरवर मोहोळ लागते. येथूनच पंढरपूरचा रस्ता फुटतो. येथील माणसाच्या फोनमध्ये जे गट असतात त्यांची नावे पाहिली तरी ग्लॅडवेल यांचा सिद्धान्त अडखळतो. भावकीचा गट, दहावीच्या वर्गाचा गट, जयंती मंडळाचा, सोसायटीच्या सभासदांचा, गावाच्या नावाचा. यांतील एकही नाते सैल नाही. व्हॉट्सॲपने येथे नवी नाती फारशी जोडली नाहीत. असलेल्या नात्यांवर ते वेलीसारखे चढले. साहजिकच त्या नात्यांतील जात, वडीलकी, देणेघेणे आणि धाक हेही सगळे त्याच्याबरोबर वर चढले. गावातील पुढाऱ्याविरुद्ध चार ओळी लिहिणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी एस. टी. स्थानकावर, दूध संकलन केंद्रावर, पीककर्जाच्या अर्जासमोर त्याच माणसांना भेटणार असतो. पुण्यातील एखाद्या प्राध्यापकाने अंगठा उमटविणे आणि मोहोळ तालुक्यातील एखाद्या शेतमजुराच्या मुलाने तोच अंगठा उमटविणे या दोन कृती तांत्रिकदृष्ट्या एक असल्या, तरी नैतिकदृष्ट्या एक नाहीत. पडद्यावरची चळवळ ही सोप्या माणसांची सोपी कृती आहे, हा आक्षेप म्हणूनच बराचसा महानगरी आहे.

या संदर्भात पालघरच्या प्रकरणाचे स्मरण करणे उचित होईल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर नापसंती व्यक्त केली आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. एकही शब्द न लिहिता केवळ पसंती दर्शविणारी मुलगी अटकेस पात्र ठरते, तेव्हा ती पसंती ही ‘काहीच न करणे’ होती असे म्हणता येत नाही. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ रद्द झाले, ते श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी दिलेल्या निकालाने. म्हणजे बदल झाला. परंतु तो मजकुराच्या प्रसारामुळे झाला नाही. कोणीतरी वादी म्हणून उभे राहिले, याचिका लिहिली गेली, युक्तिवाद झाले, निकाल लागला. आणि तरीही रद्द झालेल्या त्या कलमाखाली देशात गुन्हे नोंदविले जात राहिले, याबद्दल त्याच न्यायालयाला २०२१ मध्ये आश्चर्य व्यक्त करावे लागले. उच्चारापासून कागदापर्यंतचा आणि कागदापासून पोलीस ठाण्यापर्यंतचा असे दोन वेगळे प्रवास येथे दिसतात.

जे. एल. ऑस्टिन यांनी उक्तीला कृती मानले, याचा आधार घेऊन ‘पोस्ट हीसुद्धा कृतीच आहे’ असे हल्ली सहज म्हटले जाते. ऑस्टिन यांची अट मात्र विसरली जाते. उक्ती कृती ठरावयाची तर बोलणाऱ्याला तसे बोलण्याचा अधिकार हवा, मान्य रीत हवी आणि उच्चारलेल्या शब्दाला पुढे बांधून राहण्याची तयारी हवी. वचन देणारा वचनाने बांधला जातो. प्रश्न असा, की दुःखाचे चित्र पुढे धाडणारा कशाने बांधला जातो?

या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष चित्राच्या आधारे करणे बरे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत दहा पिशव्या कांदा आणला. वजन भरले ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. त्यापोटी व्यापाऱ्याने दोन रुपयांचा धनादेश दिला, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचे आणि धनादेशाचे छायाचित्र काही दिवसांत देशभर फिरले. मोहोळ, माढा, बार्शी, उत्तर सोलापूर या तालुक्यांतून सोलापूरला कांदा नेणाऱ्या कोणालाही त्यातील आकड्यांचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटले ते कांदा विकत घेणाऱ्यांना.

या छायाचित्राचे सामर्थ्य कशात होते, हे समीक्षेने पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या नागवणुकीविषयी मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये सिद्ध झाला होता. परंतु त्या सर्व लेखनात लेखक मध्ये उभा असतो आणि न मानणाऱ्याला ‘लेखकाने अतिशयोक्ती केली’ असे म्हणण्याची सोय असते. येथे लेखकच नव्हता. पट्टी ही बाजाराने बाजाराच्याच भाषेत लिहिलेली होती. तिच्यात विशेषण नव्हते, वजाबाकी होती. आरोपीच्या हस्ताक्षरातील पुरावा जितका बोलका, तितका तो कागद बोलका होता. समाजमाध्यमाने त्यात स्वतःची भर काहीच घातली नाही. एका खिशातला कागद असंख्य डोळ्यांसमोर धरला, एवढेच. परंतु एवढेही यापूर्वी घडत नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

आता चित्रात जे मावले नाही ते पाहू. उशिराच्या खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. उन्हाळी कांद्यासारखा तो चाळीत भरून ठेवता येत नाही. काढला की थोड्याच दिवसांत विकावा लागतो आणि सगळ्यांचा एकाच वेळी निघतो. सौदा ठरविताना शेतकऱ्याच्या हाती नकार नसतो, तो या कारणाने. व्यापाऱ्याचे म्हणणे माल हलक्या प्रतीचा होता असे होते. ते खरे मानले तरी हलक्या मालाची हमाली आणि गाडीभाडे हलके होत नाही, हा हिशेब उरतोच. निर्यातीची दारे दिल्लीतून कधी उघडतात आणि कधी मिटतात, याचा त्या पट्टीवर कोठेही रकाना नाही. हे सगळे चित्रात मावत नाही, कारण चित्रात काळ मावत नाही. मावतो तो क्षण, आणि क्षणाला खलनायक लागतो. तो मिळाला : त्या व्यापाऱ्याचा परवाना बाजार समितीने काही दिवसांसाठी निलंबित केला. संतापाला उत्तर मिळाले. पट्टीची रीत होती तशीच राहिली.

अर्थात एवढ्यावरच गोष्ट संपली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने कांद्याला क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केले. त्याच सुमारास किसान सभेचा मोर्चा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीहून मुंबईच्या दिशेने चालू लागला होता आणि त्याची मागणी ६०० रुपयांची होती. मोर्चा ठाणे जिल्ह्यातील वाशिंदपर्यंत पोहोचेतो अनुदान ३५० रुपये झाले. प्रत्येक शेतकऱ्यास कमाल २०० क्विंटलपर्यंत. चित्रामुळे किती आणि पायांमुळे किती, याची वाटणी करता येणार नाही. पण वाढलेले पन्नास रुपये रस्त्यावर चालणाऱ्यांनी मिळविले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

दोन रुपयांचा धनादेश पाहून हळहळणाऱ्या वाचकाच्या मनात नेमके काय घडते, याचे उत्तर देणारी सामग्री भारतीय साहित्यविचारात फार पूर्वीपासून आहे; ती या विषयाकडे वळविली गेलेली नाही, इतकेच. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने परिष्कृत केलेली साधारणीकरणाची कल्पना असे सांगते, की नाट्यातील शोक हा प्रेक्षकाला ‘माझा’ही वाटत नाही आणि ‘परक्याचा’ही वाटत नाही. व्यक्तिगत संबंधांच्या पाशातून तो सुटतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. शोक माझा असता तर मी रडलो असतो. शेजाऱ्याचा असता तर उठून धावलो असतो. दोन्ही करावे लागत नाही, म्हणून करुण हा रस होतो. न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ म्हणून जी अवस्था वर्णिली तिच्यातही हेच मर्म आहे : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली खुर्ची सोडीत नाही.

रंगभूमीसाठी ही अवस्था योग्यच आहे. राजा हरिश्चंद्राला सोडविण्यासाठी कोणी रंगमंचावर चढू नये, अशीच अपेक्षा असते. समाजमाध्यमाने मात्र जिवंत माणसाच्या शोकाला रंगभूमीवरील शोकाची चौकट दिली. तो बार्शी तालुक्यातील मनुष्य खरा, पट्टी खरी, कांदा खरा. तरीही पडद्यावर येताच त्याचे गाव, त्याचे देणे, त्याच्यापुढचा हंगाम गळून पडतात आणि उरतो ‘शेतकरी’ नावाचा सर्वांचा आणि कोणाचाच नसलेला विभाव. पुढे धाडणारा सहृदय होतो. खोटेपणा त्याच्याकडे नसतो; त्याची हळहळ अस्सल असते. केवळ ती पूर्ण होऊन जाते. करुणेचे जे कृतीत उतरावयाचे असते ते अनुभवातच फिटते, आणि बोट पुढच्या चित्राकडे सरकते. चळवळीच्या दृष्टीने धोक्याची जागा ही आहे. ढोंगाचा आरोप करून ती सापडत नाही, कारण येथे ढोंग नाही.

दलित साहित्याने मराठी समीक्षेपुढे जे आव्हान उभे केले त्याचे महत्त्व येथे नव्याने ध्यानात येते. सोलापूर जिल्ह्यातल्याच अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंदाधिष्ठित सौंदर्यकल्पना नाकारली. वेदनेने वाचकाला आनंद होत असेल तर त्या आनंदाविषयीच संशय घेतला पाहिजे, असा त्या नकाराचा रोख होता. त्या काळी या भूमिकेवर ‘मग ते साहित्य कसे?’ असा आक्षेप घेतला गेला. आज तो वाद उलट्या टोकाने समोर आला आहे. साहित्य नसलेल्या, निखळ वास्तव असलेल्या वेदनेचाही आस्वाद घेतला जातो आहे, आणि त्याविरुद्ध कोणते शास्त्र उभे करावे हे समीक्षेला ठाऊक नाही. लिंबाळे यांना अपेक्षित असलेला अस्वस्थ वाचक हा सहृदयापेक्षा साक्षीदाराला अधिक जवळचा होता.

सहृदय आणि साक्षीदार यांतील भेद साधा आहे. साक्षीदाराला नाव द्यावे लागते. पाहिले ते पुन्हा, निराळ्या शब्दांत प्रश्न विचारणाऱ्यासमोर सांगावे लागते. तारखांना हजर राहावे लागते. उलटतपासणीत टिकावे लागते. आणि गावात परत जावे लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या आठवड्यांत वृत्तपत्रांनी तिला फारशी जागा दिली नाही. कार्यकर्त्यांचे अहवाल, छायाचित्रे, पत्रके आणि इंटरनेटवरील संदेश यांनी ‘हा जातीय अत्याचार आहे’ हे नाव त्या घटनेला मिळवून दिले, आणि नोव्हेंबरमध्ये नागपूरपासून महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर आले. पडद्यावरील प्रसाराला निष्फळ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. ज्यांच्यापाशी वृत्तपत्र नव्हते आणि गावातली सत्ताही नव्हती, त्यांना त्या काळातील अपुऱ्या साधनांनीही आवाज दिला. परंतु २००८ च्या निकालात भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना मृत्युदंड देतानाही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने मृत्युदंडाची जन्मठेप केली आणि तो कायदा तेव्हाही लागू झाला नाही. लाखो लोकांनी उच्चारलेला ‘जात’ हा शब्द निकालाच्या कागदावर कारण म्हणून उतरला नाही. हयात उरलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले, तोपर्यंत तो शब्द त्या कागदावर आणण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्याच खांद्यावर होते.

येथवर ज्या प्रसाराचा विचार केला तो सहानुभूतीचा होता. माध्यम मात्र सहानुभूती आणि द्वेष यांत भेद करीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत फोनवरून फिरत होते. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते आणि त्यांतील बहुतेक मंगळवेढा तालुक्यातील होते. म्हणजे मोहोळचे शेजारी. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठीत ‘मोहोळ उठणे’ हा वाक्प्रचार आहे आणि तो येथे टाळता येत नाही. उठलेल्या मोहोळाला खडा कोणी मारला हे ठाऊक नसते. समोर सापडेल त्याला ते डसते, आणि खडा मारणारा केव्हाच निघून गेलेला असतो. संदेश पुढे धाडणाऱ्या प्रत्येकाने ‘मुलांच्या काळजीपोटी’ तो धाडला होता, हे येथे लक्षात घ्यावयाचे. त्या काळजीतही साधारणीकरणच होते : कोणाचेही नसलेले मूल, आणि कोणीही असू शकेल असा चोर. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यावर बंधन आणले. सामाजिक बदल म्हणून नोंदविता येईल असा हा एक ठोस परिणाम. पण तो पाच मृत्यूंनी आणि जमावांच्या अशाच इतर बळींनी घडविला.

मराठा मूक मोर्चांचे उदाहरण या चर्चेत बहुधा यशाचे म्हणून दिले जाते. कोपर्डीच्या जुलै २०१६ मधील घटनेनंतर निघालेल्या या मोर्चांत फोनवरील संदेशांनी आचारसंहिता गावोगाव पोहोचविली, हे खरे. तेथेही पडद्याने नाती निर्माण केली नाहीत. भावकीच चालत आली. २०१८ मध्ये आरक्षणाचा कायदा झाला, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, २०२४ मध्ये पुन्हा नवा कायदा आला. मोर्चांच्या मागण्यांत अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदल करण्याचीही मागणी होती. खैरलांजीच्या निकालात जो लागूच झाला नाही, तोच हा कायदा. ‘बदल’ आणि ‘न्याय’ हे समानार्थी शब्द नव्हेत, एवढे तरी यावरून कळावे.

रस्त्यावर चालणाऱ्या देहाला पडद्याच्या विरोधात उभे करून त्याचा गौरव करणे हाही एक मोह आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या फोड आलेल्या तळव्यांची छायाचित्रे सर्वत्र पोहोचली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून ते रात्रीच चालून आझाद मैदानावर गेले, याचे मुंबईकरांनी मनापासून कौतुक केले. त्यांची मूळ मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील जमिनींची होती. त्याच मागणीसाठी २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये त्यांना पुन्हा चालावे लागले. तळव्यांचे चित्र जितके गाजले तितका वनहक्काचा दावा कोणी वाचला नाही. दावा वाचावयाचा तर त्यातील गट क्रमांक, ग्रामसभेचा ठराव, फेटाळल्याचे कारण हे सगळे वाचावे लागते. त्यात रस नाही, कोणत्याही अर्थाने.

कांद्याच्या अनुदानाचेही तसेच झाले. जाहीर झालेली रक्कम मिळण्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती, आणि ती फोनवरून करावयाच्या ई-पीक पाहणीतून यावयाची होती. ज्या साधनाने दोन रुपयांचा धनादेश देशभर नेला, त्याच साधनावर नोंद न करता आलेले शेतकरी पात्रतेबाहेर राहू लागले. अट पुढे सैल करावी लागली. विक्रीच्या पट्ट्या शोधणे, तलाठ्याकडे खेपा घालणे, अर्ज भरणे हे काम गावोगाव कोणीतरी केले. त्यांची छायाचित्रे निघाली नाहीत. दरम्यान कांद्याचे भाव चढू लागले, ग्राहकांची कुरकुर सुरू झाली, आणि १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. फेब्रुवारीत विकलेल्या कांद्याचे अनुदान खात्यावर जमा होण्यास सुरुवात झाली ती त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. ऑगस्टमधील कुरकुर करणाऱ्यांत फेब्रुवारीतील धनादेश पुढे धाडणारे किती होते, याचा हिशेब कोणत्याही पट्टीवर निघत नाही.